शांत नमुना

सत्तेचाळीस वर्षं मी लोकांच्या लघव्या तपासल्या. हे मी पंगतीत सांगत नाही, शेजारचा पान सोडून उठायचा. एरवी मला या कामाची लाज कधी वाटली नाही. माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, बायकोशी बोलतो, वेळ आली तर देवाशीही बोलतो. बाटलीतला नमुना मात्र जे आहे तेच सांगतो, असं मी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत आलो. याच वाक्याने मी एकदा सपशेल तोंडावर पडलो. ती हकिकत सांगतो.

मी सर्जेराव चौगुले, तालुक्याच्या ठिकाणी एका छोट्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन. वय एकोणसत्तर, म्हणजे खरं तर घरी बसायचं. पण माणसं मिळत नाहीत म्हणून मला दर वर्षी मुदतवाढ मिळते आणि मी ती 'नको नको' म्हणत घेतो. घर हिरण्यकेशीच्या काठावरच्या गावात, लॅबपासून नऊ किलोमीटर. घरात मी आणि विजयमाला. आमची एकुलती मुलगी प्रणोती पुण्याला असते.

आमच्या उमेदीच्या काळात मूत्रमार्गात जंतूंची लागण आहे का, हे नक्की कळायला तीन दिवस लागत. तारेच्या बारीक कडीने नमुना उचलायचा, काचेच्या बशीतल्या खळीसारख्या थरावर पसरायचा आणि अंगाइतक्या उबेत रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर उगवलेले ठिपके मोजायचे. हिशेबाने मिलिलिटरमागे लाखभर जंतू निघाले की लागण पक्की. मग कुठलं औषध लागू पडतं ते बघायला आणखी एक दिवस. तोवर डॉक्टर अंदाजाने गोळ्या देऊन मोकळे होत. त्या अंदाजापायीच जंतू निर्ढावले, आणि एक काळ असा आला की साध्या उन्हाळीने, म्हणजे लघवीच्या जळजळीने, धडधाकट बायका दगावू लागल्या.

मग 'स्पंद' आलं. त्यातली कल्पना इतकी सोपी की आपल्याला कशी सुचली नाही म्हणून मला रागच आला. जिवंत जंतू कधी स्वस्थ बसत नाही. तो शेपटी हलवतो, खातो, फुगतो. स्पंदमध्ये केसाच्या शंभराव्या भागाइतक्या पातळ पट्ट्या असतात. जंतू त्यांना चिकटतात आणि त्यांच्या चुळबुळीने पट्टी थरथरते. ती थरथर लेझरचा किरण मोजतो. मग बारा पट्ट्यांवर बारा औषधं सोडायची. जिथली थरथर थांबली, ते औषध लागू. सगळं मिळून पंचवीस मिनिटांचं काम. आमच्याकडच्या लोकांनी यंत्राला 'थरथरी' म्हणायला सुरुवात केली. पट्टी मुळीच हलली नाही, तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकच शब्द उमटतो: शांत.

यंत्रापाठोपाठ कायदा आला. जंतुनाशक गोळ्यांचं पाकीट आता स्पंदने दिलेल्या आकड्यांशिवाय उघडत नाही, दुकानदाराला नाही आणि डॉक्टरलाही नाही. शांत म्हणजे लागण नाही, आणि लागण नाही म्हणजे औषध नाही. या कडकपणामुळे बारा वर्षांत जुनी औषधं पुन्हा कामाला यायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मी स्पंदचा भक्तच झालो. यंत्राचा नियम एकच. बाटली बंदच आत जायला हवी. सुई झाकण टोचून नमुना ओढते आणि बाहेरचा एकही जंतू मिसळत नाही. "झाकणाला हात लावाल तर याद राखा," असा दम मी सगळ्यांना भरलेला होता. बारा वर्षांत मी स्वतः एकही बाटली उघडली नव्हती.

विजयमालाही नमुन्यांचंच माणूस. गावच्या दूध संस्थेत चौतीस वर्षं ती दूध तपासायची. भलेभले तिला टरकून असत. दूध सरपंचाचं असो की सासऱ्याचं, पाणी निघालं की सगळ्यांसमोर सांगणार. पुढे गाईच्या धारेलाच सेन्सर लागले, नळीतच फॅट कळू लागली आणि संस्थेने तिला नारळ दिला. त्याचं तिला वाईट वाटलं, पण बोलून दाखवलं नाही. "तुमच्या कामापरास माझं काम बरं," ती मला चिडवायची, "उरलेलं पिता तरी येत हुतं." आमच्या भागातल्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, तशीच तीही बोलते. तिचं ते बोलणं मला लग्नाच्या आधीपासून आवडतं.

नवरात्र संपलं आणि तिचं बिनसलं. एका सकाळी मी पायरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. ती पदर खोचून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "नंबर सांगा."

"कसला नंबर?"

"सभासद नंबर. आनि किटली खाली ठेवा, मागं लाइन लागलीया."

मी हसलो. ती हसली नाही. ती मला ओळखतच नव्हती. दूध घालायला आलेला कुणी परगावचा माणूस समजून ती माझ्या हाताकडे बघत होती. चार दिवसांपूर्वी हीच बाई माझ्या आधी शब्दकोडं सोडवून मला खिजवत होती.

मी तिला डॉक्टर आफरीन मणेरांकडे नेलं. पोरगी वयाने प्रणोतीएवढी, पण शांतपणे ऐकून घेणारी. "काका, विसरण्याचा आजार वर्षा-वर्षानं वाढतो, असा आठवड्यात येत नाही," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांत लघवीतली लागण कधी कधी नुसती डोक्यावर दिसते. ताप नाही, जळजळ नाही, फक्त गोंधळ. औषध दिलं की माणूस परत जाग्यावर येतो. आधी नमुना तपासूया."

मला हायसं वाटलं. माझ्याच प्रांतातलं दुखणं होतं ते. मी घरी बाटली दिली, विजयमालाने ती भरून, झाकण घट्ट लावून, फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवली. तिच्या त्या टापटिपीचं मला त्याही स्थितीत कौतुक वाटलं. मी स्वतः बाटली यंत्रात लावली आणि पंचवीस मिनिटं पडद्यासमोर उभा राहिलो.

शांत.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. आठवड्याने तिसऱ्यांदा तपासलं, तेव्हाही पट्टी हलली नाही. मेंदूच्या तपासणीत थोडं आकुंचन दिसलं, जे त्या वयात कुणाच्याही मेंदूत दिसतं. पण आता बोट ठेवायला दुसरं काही उरलं नव्हतं. "अंदाजानं एक कोर्स देऊन बघू का?" मी विचारलं. सत्तेचाळीस वर्षं ज्या अंदाजाला मी शिव्या घातल्या, तोच मी पदर पसरून मागत होतो. मणेर डॉक्टरांनी मान हलवली. "पाकीट उघडणारच नाही काका. तुम्हाला मी काय सांगू?"

तोवर घरातलं सगळं अवघड झालं होतं. विजयमाला गॅस चालू ठेवून परसात जायची. एकदा रस्त्याने जाणाऱ्या बाईला थांबवून तिच्या पिशवीत दुधाचा नमुना शोधू लागली. प्रणोती रजा टाकून आली आणि दोन दिवसांत तिचा चेहरा ओढलेला दिसू लागला. तिनेच कोल्हापूरच्या पलीकडचं, आठवण गेलेल्या माणसांना सांभाळणारं एक स्मृतिगृह शोधलं. जागा चांगली होती, माणसं प्रेमळ होती. पण ते फक्त रुग्णाला ठेवतात, सोबत नवऱ्याला नाही. आणि नवं माणूस रुळावं म्हणून पहिला महिनाभर भेटू देत नाहीत.

"पप्पा, तुम्ही एकटे किती बघणार?" प्रणोती म्हणाली. "उद्या मम्मी नदीकडं गेली तर?"

सोमवारी स्मृतिगृहाची बाई घरी आली. सगळं जग पडद्यावर गेलं तरी असल्या गोष्टीला अजून कागदावरच सही लागते. मी सही केली. गुरुवारी सकाळी त्यांची गाडी येणार होती.

बुधवारी मी लॅबमध्ये गेलो, कारण घरात तिची पिशवी भरली जात होती आणि मला ते बघवत नव्हतं. तपासलेले नमुने आम्ही आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवतो, मग टाकून देतो. त्या दिवशी टाकायच्या बाटल्यांमध्ये तिची तिसरी बाटली होती. 'विजयमाला स. चौगुले' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. बाकीच्या बाटल्या मी टाकल्या, ही टाकवेना.

खरं सांगतो, मला कसलाही संशय आला नव्हता. उद्यापासून महिनाभर ती दिसणार नव्हती आणि तिच्याबद्दलचं शेवटचं काहीतरी माझ्या हातात होतं, एवढंच. कपाटातून मी माझा जुना सूक्ष्मदर्शक काढला, भिंग पुसलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा एका बाटलीचं झाकण उघडलं.

भपकन वास आला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तो वास मी जन्मात विसरणार नाही. कॉलेजात काचेच्या बरण्यांत माणसाचे अवयव ठेवलेले असत, त्या खोलीत असाच वास असायचा. फॉर्मालीन. कुजू द्यायचं नाही असं काहीही त्यात बुडवून ठेवतात.

मी थेंब काचेवर घेतला आणि भिंगाखाली धरला. सगळीकडे पूच्या पेशी होत्या, आणि त्यांच्या अधेमधे काड्यांसारखे जंतू, मोजता येणार नाहीत इतके. इतकी घाण लागण मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पण त्यातला एकही जंतू पोहत नव्हता. जिवंत असते तर भिंगाखाली नुसती झुंबड दिसली असती. हे सगळे जागच्या जागी मेले होते आणि फोटोत असावेत तसे शाबूत होते.

स्पंद खोटं बोललं नव्हतं. जिवंत काय आहे, एवढंच त्याला विचारलेलं होतं. बाटलीत कुणी मुद्दाम औषध घालेल, हे ते घडवणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी विजयमाला पाहिली नव्हती. मी तर पाहिली होती!

गाडी कशी हाणली ते मला आठवत नाही. विजयमाला बाहेरच्या सोप्यात मेथी निवडत बसली होती. देठ टोपलीत आणि पानं जमिनीवर. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "नमुन्यात काय घातलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की हा कोण अडाणी आलाय.

"फॉर्मालीन. दोन थेंब. दुसरं काय घालणार?"

"कशासाठी?"

"आता काय सांगू ह्यास्नी," ती मेथीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "नमुना गावाभायेर जाणार म्हटल्यावर दोन थेंब टाकाय नकोत? जिल्ह्याच्या लॅबला जाईस्तवर नासला तर? मग आमच्या संस्थेचं नाव खराब. चौतीस वर्सांत माझा एक नमुना फाटल्याला न्हाई. इचारा कुणालाबी."

प्रणोतीने कपाटात साड्यांच्या मागे हात घातला. तपकिरी काचेची बाटली निघाली, ड्रॉपरसकट. नवऱ्याचं नाव गेलं होतं, चहात काय घालतात ते गेलं होतं; पण बाहेर जाणारा नमुना नासू द्यायचा नाही, हे तिच्यात शिल्लक होतं. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. प्रणोती घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

आता ताजा नमुना हवा होता, आणि तिला बाथरूमकडे चल म्हटलं तर ती तयार होईना. परक्या पुरुषाने असलं काही सांगावं, हे तिला पटत नव्हतं. मी बाहेर गेलो, सदरा खोचला, खिशाला पेन लावलं आणि पुन्हा दारातून आत आलो.

"नमस्कार. मी जिल्हा दूध संघाचा इन्स्पेक्टर."

ती ताठ बसली. "या. बसा."

"बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण नियम बदललाय. आता नमुन्यात थेंब टाकायचे नाहीत. ताजाच न्यायचा, मी स्वतः नेणार."

"चेअरमनची सही हाय?"

मी मोबाइलवर विजेच्या बिलाची पावती उघडून दाखवली. तिने चष्म्याशिवाय ती बारकाईने वाचली आणि मान डोलावली. "नियम म्हंजे नियम," ती उठत म्हणाली. "पर नासला तर मला बोलायचं न्हाई."

प्रणोती तिच्याबरोबर आत गेली. सुरुवातीची धार सोडून मधली घ्यायची, हे मी दाराबाहेरून सांगत होतो. बाटली हातात आली तेव्हा ती गरम होती.

लॅबमध्ये सातव्या मिनिटाला पट्टी हलली. पडद्यावरची सरळ रेघ आधी किंचित उचलली, मग थरथरायला लागली, आणि मग सगळा पडदा त्या रेघांनी भरून गेला. जंतू बघून आनंदाने रडलेला टेक्निशियन माझ्याखेरीज दुसरा कुणी असेल असं वाटत नाही. बारापैकी दहा औषधांना त्यांनी दाद दिली नाही. दोन पट्ट्या मात्र हळूहळू थांबल्या. त्यातलं एक औषध गोळ्यांचं होतं. यंत्राने आकडे दिले, पाकीट उघडलं. मणेर डॉक्टरांनी स्वतः फोन करून गुरुवारची गाडी रद्द केली. ती एवढंच म्हणाली, "काका, मी तिन्ही वेळा शांत वाचलं आणि विश्वास ठेवला."

"तुम्ही नुसतं वाचलं," मी म्हणालो. "बाटल्या माझ्या हातात होत्या."

तीन दिवस काही फरक पडला नाही. चौथ्या दिवशी तिने मला "अवो" म्हणून हाक मारली आणि मी हातातलं भांडं पाडलं. पाचव्या दिवशी तिने चहा केला, घोट घेतला आणि साखर कधीपासून एवढी महाग झाली की इतकी कमी घातलीय, असं मला विचारलं. साखर तेवढी प्रणोतीने घातली होती. आठवड्याने प्रणोती पुण्याला गेली. जाताना तिने आईला इतका वेळ धरून ठेवलं, की विजयमालाच म्हणाली, "बस चुकंल की गं."

त्यानंतरच्या एका सकाळी आम्ही दोघं पायरीवर ऊन खात बसलो होतो. मधल्या तीन आठवड्यांतलं तिला तुकड्या-तुकड्यांनी आठवत होतं आणि जे आठवत नव्हतं ते ती माझ्याकडून काढून घेत होती. इन्स्पेक्टरची गोष्ट ऐकून ती पोट धरून हसली. आणखी काय झालं, असं तिने विचारलं. मला ते लपवता आलं असतं. पण मी उठलो, आत गेलो आणि स्मृतिगृहाने परत केलेला तो कागद आणून तिच्या हातात दिला.

तिने चष्मा लावून सगळा वाचला. दुधाचं रजिस्टर वाचायची तशी, ओळ न ओळ.

"सही तुमचीच हाय."

"होय."

"मला इचारलासा?"

"तुला तेव्हा कळत नव्हतं."

"कळत नव्हतं ते ऐकलो मी. इचारलासा का, ते इचारतोय."

"नाही," मी म्हणालो. लाजेने माझे कान तापले होते.

ती बराच वेळ कागदाची घडी घालत, उलगडत बसली. मला वाटलं चिडेल, रडेल. तिने विचारलं ते निराळंच होतं.

"आनि म्होरं कधी खरंच तसं झालं तर? थेंब न टाकता शांत आलं तर?"

या प्रश्नाचा विचार मी त्या आठवड्यात रोज केला होता.

"तर पाठवा," ती म्हणाली. "पोरीच्या गळ्यात पडायचं न्हाई मला. तुमच्याबी न्हाई. पर पाठवायच्या आदी माझ्याम्होरं बसून मला सांगायचं. मला कळत नसलं तरी सांगायचं. माझ्या डोस्क्यावरनं बोलायचं न्हाई."

"सांगेन."

"देवाशप्पत?"

"देवाशपथ."

"मग ह्या टायमाचं आत्ता सांगा. तुमी सही करताना मी कुठं हुतो?"

हे मी प्रणोतीलाही सांगितलं नव्हतं. ती त्या वेळी त्या बाईसाठी पाणी आणायला आत गेली होती.

"माझ्या डाव्या अंगाला बसली होतीस," मी म्हणालो. "माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरून. मला ओळखत नव्हतीस, पण बाही धरली होतीस. कागद धरायला मी हात सोडवायला गेलो, तर सोडेनास. शेवटी कागदावर चष्म्याचं घर ठेवलं आणि एका हाताने सही केली."

तिने माझ्या बाहीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"शेवटपत्तर सोडलो न्हाई?"

"नाही. ती बाई गेली तरी नाही."

"मग कळत हुतं मला," ती म्हणाली.